पेशंटचा मुलगा कुठे आहे?

सासूबाईंच्या शेवटच्या वर्षात हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला की पुढे पुढे मी तो ऐकायच्या आधीच उत्तर द्यायला लागले. "मुलगा कामावर आहे. मी सून. मला सांगा." मग समोरचा माणूस, तो रिसेप्शनवरचा असो की कॅज्युअल्टीतला डॉक्टर, क्षणभर थांबायचा. फाइल माझ्याकडे, औषधांच्या वेळा मला पाठ, रात्री किती वेळा उठावं लागतं ते मला माहीत. पण सही म्हटलं की नजर माझ्या खांद्यावरून मागे जायची, तिथे कुणी पुरुष उभा आहे का ते बघायला.

आईंना (सासूबाईंना मी आईच म्हणायचे) फुफ्फुसांचा फायब्रोसिस होता. सुरुवात साध्या कोरड्या खोकल्याने झाली, सगळ्यांनी तो हवेवर ढकलला. मग मुलुंड स्टेशनचा जिना चढताना दम लागायला लागला. एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन, झाला तेव्हा छातीच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "घराजवळ कबुतरं आहेत का?" आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. लग्नानंतरची बरीच वर्षं आई दादर पश्चिमेला चाळीत राहिल्या. खिडकीच्या बाहेर, पोटमाळ्यावर, वाळत घातलेल्या पापडांवर, कबुतरं नसलेली जागा सांगणं सोपं. पक्ष्यांच्या विष्ठेतल्या, पिसांतल्या कणांची फुफ्फुसांना ॲलर्जी होते, ती वर्षानुवर्षं चालू राहिली की काहींच्या फुफ्फुसांत वण धरतात आणि ते भरून येत नाहीत. त्यांच्या बाबतीत हेच कारण होतं असं डॉक्टर छातीठोकपणे म्हणाले नाहीत, दाट शक्यता म्हणाले. पुढे २०२५ च्या पावसाळ्यात दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली आणि त्यावरून लोक रस्त्यावर आले, तेव्हा टीव्हीवरची भांडणं ऐकायला आई नव्हत्या. असत्या तर काय म्हणाल्या असत्या हे मला माहीत आहे, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

निन्टेडानिब चालू झालं. या गोळीने वण वाढण्याचा वेग कमी होतो, झालेलं नुकसान भरून येत नाही, हे डॉक्टरांनी आईंच्या तोंडावर सांगितलं. ते मला आवडलं. पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्याशी बोलत होतं. त्यानंतर घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आला, आधी पाच लिटरचा, मग दहाचा, आणि वीज गेली तर म्हणून कोपऱ्यात जम्बो सिलिंडर. लांबलचक नळी घेऊन आई हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत फिरायच्या. त्या नळीला अडखळून कोण कोण पडलं याची यादी करत बसायच्या.

शेवटी कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवायच्या कागदाचा विषय त्यांनीच काढला. आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या, नोकरीतली बरीच वर्षं परळला. अरुणा शानबाग हे नाव त्यांच्या पिढीच्या परळकरांना बातमीतून कळलेलं नाही, ते परळच्याच केईएम हॉस्पिटलच्या भिंतीपलीकडचं होतं. नोव्हेंबर १९७३ मध्ये त्या नर्सवर हल्ला झाला आणि मे २०१५ मध्ये न्यूमोनियाने ती गेली. मधली सगळी वर्षं ती त्याच हॉस्पिटलात अंथरुणावर, आणि तिथल्या नर्सांच्या पिढ्यांनी तिला न्हाऊमाखू घातलं. पत्रकार पिंकी विराणी यांनी तिच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २०११ मध्ये निकाल आला, त्यात एक मुद्दा असा होता की तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार कुणाचा? न्यायालय म्हणालं, रोज तिची सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा. आणि त्यांचं म्हणणं होतं, आम्हाला ती हवी आहे, तिचं अन्न बंद करायचं नाही. याचिका फेटाळली गेली. त्याच निकालाने पॅसिव्ह युथनेशियाचं, म्हणजे जगवून ठेवणारे उपचार थांबवून मरण येऊ देण्याचं, दार मात्र किलकिलं केलं.

आई यावर दोन्ही बाजूंनी बोलायच्या. "त्या पोरींनी केलं ते देवाघरचं काम आहे. पाठीला एक फोड येऊ दिला नाही म्हणे. पण मला तसं पडून राहायचं नाही. आणि माझ्या वतीने कुणी बोलायचंच असेल तर जी मला पुसते तिने बोलावं."

जी मला पुसते ती म्हणजे मी. नवऱ्याला हे ऐकून लागलं. आईंनी त्याची समजूतही घातली नाही. "तू 'सगळं करा, डॉक्टर' म्हणशील आणि जिन्यात जाऊन रडशील. तुझ्या बाबांच्या वेळी तेच केलंस." ताई, म्हणजे माझ्या नणंदबाई, कोल्हापूरला असतात. त्यांना फोनवर सांगितलं तेव्हा त्या फक्त "बरं" म्हणाल्या. तो 'बरं' पुढे महागात पडला.

२०१८ साली ९ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवर सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि लिव्हिंग विलला, म्हणजे आपण बोलू शकत नसू तेव्हा कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवलेल्या कागदाला, मान्यता दिली. पण तेव्हाची पद्धत अशी होती की कागदावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. कोण जाणार? जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयानेच ती सोपी केली. आता दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. आपण बोलू शकत नसलो तर कोणी बोलायचं, त्या माणसाचं किंवा माणसांची नावं त्यात लिहायची. मुंबईत महापालिकेने प्रत्येक वॉर्डातल्या आरोग्य अधिकाऱ्यांना असे कागद जपून ठेवणारे कस्टोडियन नेमलंय. मुलुंड टी वॉर्डात येतं.

आईंनी मजकूर स्वतः मराठीत लिहिला, शाळेतल्या अक्षरात, समास सोडून. 'बरं होण्याची आशा नसेल तर मला श्वासाच्या यंत्रावर ठेवू नये. हृदय थांबलं तर छाती दाबू नये. नाकातून नळी घालून अन्न भरवू नये. दुखणं आणि घुसमट कमी करण्यासाठी जे लागेल ते सगळं करावं.' हे शेवटचं वाक्य मी आधी नीट वाचलंच नव्हतं, आणि पुढे सगळ्यांत जास्त कामाला तेच आलं. साक्षीदार म्हणून शेजारचे एक निवृत्त काका आणि आईंची योगवर्गातली मैत्रीण. नोटरीने कागद वाचायला घेतला आणि मिळकतीचं पान शोधत बसला. "फ्लॅट कुणाच्या नावे करायचा ते राहिलं की, आजी." आई म्हणाल्या, "फ्लॅट राहू दे. आधी माझं बघा."

एक प्रत वॉर्ड ऑफिसला, एक फॅमिली डॉक्टरांना, एक ताईंना कुरिअरने, एक माझ्या पर्समध्ये.

थंडीत त्यांना ताप आला. दोन दिवसांत दम असा वाढला की दहा लिटरवरही ओठ निळसर दिसायला लागले. नवरा पुण्याला होता. रात्री रुग्णवाहिका, पूर्व उपनगरातलं एक खासगी हॉस्पिटल, कॅज्युअल्टी, आयसीयू. हाय फ्लोचा, म्हणजे नाकातून जोरात सोडलेला, ऑक्सिजन लावला. तरुण डॉक्टर बाहेर आला, हातात फॉर्म. "ट्यूब टाकावी लागेल, व्हेंटिलेटरवर घ्यायचंय. पेशंटचा मुलगा कुठे आहे?"

मी पर्समधून कागद काढला. त्याने वाचला, उलटसुलट केला, आणि म्हणाला की असा कागद त्याने आधी पाहिलेला नाही. त्याला बोल लावावा असं मला तेव्हाही वाटलं नाही. रात्रीचे दोन वाजलेले, त्याच्या मागे आणखी दोन पेशंट. नवरा एक्स्प्रेसवेवर गाडीत, फोन स्पीकरवर. "सगळं करा, डॉक्टर. काय लागेल ते करा." आईंनी सांगितलं होतं अगदी तसं, शब्दाला शब्द.

मोठे डॉक्टर, आयसीयूचे, आले. त्यांना कायदा माहीत होता. पेशंट बोलू शकत नसेल तर लिव्हिंग विल नुसता दाखवून भागत नाही, हे त्यांनी मला उभ्या उभ्या सांगितलं. उपचार करणारे डॉक्टर आणि निदान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ असं एक मंडळ बसतं. त्यांचं मत दुसऱ्या मंडळाकडे जातं, त्यात एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला. शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत प्रत्येकाने निर्णय द्यायचा, आणि अंमल करण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. माझे पाय गळाले. अठ्ठेचाळीस तास? आईंकडे तेवढे तास होते का?

मग ते म्हणाले, "पण हे सगळं त्या शुद्धीत नसतील तेव्हा. त्या शुद्धीत आहेत. हाय फ्लोवर बोलताही येतंय. त्यांना कुणी विचारलंय का?"

कुणीच विचारलं नव्हतं. मीही कागद काढून उभी होते. फॉर्म, कागद, फोन, सगळं दाराच्या बाहेर चाललं होतं आणि जिच्याविषयी चाललं होतं ती काचेपलीकडे जागी होती.

डॉक्टर आत गेले, मला बरोबर घेतलं, एक दुसरे डॉक्टर आणि सिस्टर साक्षीला. आईंना त्यांनी आधी दिवस विचारला, त्या कुठे आहेत ते विचारलं, त्यांना समजतंय ना याची खात्री केली. मग मराठीत सावकाश सांगितलं. फुफ्फुसं आधीच वणांनी भरलीत, त्यावर हा झटका आलाय. घशात नळी टाकून यंत्रावर ठेवता येईल, पण अशा फुफ्फुसांचे पेशंट यंत्रावर गेले की बहुतेक वेळा तिथून उतरत नाहीत. दुसरा रस्ता असा की नळी टाकायची नाही, औषधं चालू ठेवायची आणि दम लागण्याचा त्रास कमी करायचा. आईंनी ऐकलं. दोन श्वासांत एक शब्द, असं बोलत म्हणाल्या, "नळी... नको. कागद... दिलाय ना तिने?"

सकाळी नवरा पोचल्यावर डॉक्टरांनी त्याच्यासमोर पुन्हा तेच विचारलं. उत्तर तेच आलं, वर "घरी" हा शब्द जास्तीचा. तो जिन्यात गेला. परत आला तेव्हा त्याने मला एवढंच विचारलं, "घरी ऑक्सिजन पुरेल?"

स्टिरॉइड, अँटिबायोटिक चालू राहिले. ताप उतरला, दम उतरला नाही. घरी न्यायचं ठरल्यावर ऑफिसने छापील फॉर्म पुढे केला: वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. मी सही करेना. सल्ल्याविरुद्ध कसं? सल्ला तर डॉक्टरांनीच दिला होता. ऑफिसातला माणूस म्हणाला, मॅडम, सगळे यावरच करतात. खरं असावं ते. किती घरांतल्या बायकांनी आपलं माणूस घरी नेताना या ओळीखाली सही केली असेल आणि नंतर आयुष्यभर तो शब्द मनात घोळवला असेल, कुणास ठाऊक. मी मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी डिस्चार्ज समरी बदलून घेतली: पेशंटच्या इच्छेनुसार, पॅलिएटिव्ह केअरसाठी घरी.

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे आजार बरा करण्यापेक्षा त्रास कमी करण्याकडे बघणारी सेवा, ती कॅन्सरवाल्यांची, असं मला वाटायचं. मुंबईत त्याची सुरुवात झाली तीही कॅन्सरपासूनच. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ चं, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या पेशंटांची काळजी घेणारं ठिकाण. टाटा मेमोरियलचा त्यासाठीचा वेगळा विभागही जुना आहे. पण आता घरी येणाऱ्या टीम आहेत आणि त्या फुफ्फुसांच्या, हृदयाच्या, किडनीच्या पेशंटांनाही बघतात. आमच्याकडे एक डॉक्टर, एक सिस्टर आणि एक समुपदेशक अशा आल्या. डॉक्टरीणबाईंनी पहिल्या भेटीत अर्धा वेळ आईंशी घालवला आणि उरलेला माझ्याशी. मुलगा कुठे आहे हे त्यांनी विचारलं नाही, तोच स्वयंपाकघरातून चहा घेऊन आला.

मॉर्फिनचं नाव निघताच घरात शांतता पसरली. नवरा म्हणाला, व्यसन लागेल. ताई कोल्हापूरहून येऊन पोचल्या होत्या, त्या म्हणाल्या, म्हणजे झोपवूनच टाकायचं. डॉक्टरीणबाई न चिडता बोलल्या. दम लागतो तेव्हा मेंदू 'हवा, हवा' म्हणून ओरडत असतो, मॉर्फिनचा छोटा डोस ते ओरडणं कमी करतो. अडीच मिलिग्रॅमपासून सुरू करायचं, म्हणजे दहाच्या गोळीचा पाव भाग, दर चार तासांनी. एवढ्या डोसने माणूस जात नाही. पोट साफ होण्याचं औषध त्याच दिवसापासून, न विसरता. २०१४ मध्ये एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हापासून मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालंय, नाही तर नाक्यावरच्या केमिस्टकडे ही गोळी मिळण्याची आशा नको.

पहिल्या रात्री आई तीन तास सलग झोपल्या. उठल्यावर म्हणाल्या, "हे आधी का नाही दिलं?"

डॉक्टरीणबाईंनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक, छोटा टेबल फॅन तोंडावर सोडा, गालावर वारा लागला की दम कमी वाटतो. खरंच वाटायचा. दुसरी, ऑक्सिमीटर कपाटात ठेवा. ही दुसरी गोष्ट आमच्या घराला पचायला जड गेली. इतके महिने आम्ही त्या आकड्यावर जगलो होतो. ९२ म्हणजे चहा, ८८ म्हणजे काळजी, ८५ म्हणजे फोन. आता आकडा ७० दाखवतोय आणि आई शांतपणे रेडिओ ऐकतायत, तर कुणावर विश्वास ठेवायचा? "पेशंटकडे बघा, मशीनकडे नको," असं त्या म्हणून गेल्या आणि त्यांची पाठ वळताच ताईंनी ते बोटाला लावलं. मग आकडा बघून घाबरल्या, ऑक्सिजन वाढवा म्हणाल्या, आई वैतागल्या. दिवसातून कितीदा तरी हे चालायचं. शेवटी नवऱ्याने ऑक्सिमीटर खिशात घातला आणि ऑफिसला घेऊन गेला. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याच्या कुठल्या गोष्टीचं मला इतकं कौतुक वाटल्याचं आठवत नाही.

निर्णय म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे व्हेंटिलेटरचं बटण येतं. ते आमच्याकडे आईंनीच निकालात काढलं होतं. मला जे घ्यावे लागले ते निर्णय फुटकळ होते आणि रोज होते. ताप आला, पॅरासिटामॉल द्यायचं की रक्त तपासायला पाठवायचं? गोळी गिळताना ठसका लागतो, चालू ठेवायची? निन्टेडानिब बंद करायचं, म्हणजे आपण आशा सोडली का? पाठ लाल दिसतेय, पण कूस बदलली की दम लागतो, मग कोणता त्रास पत्करायचा? यातलं एकही कागदात लिहिलेलं नव्हतं. आईंच्या मजकुरातलं शेवटचं वाक्य मात्र होतं, घुसमट आणि दुखणं कमी करायला लागेल ते करा, आणि मी प्रत्येक प्रश्न त्या वाक्याला लावून बघायचे. पाठीसाठी एअर मॅट्रेस आली. निन्टेडानिबने पोट बिघडायचं, ते थांबवलं. रक्त तपासलं नाही.

सगळ्यांत मोठं भांडण जेवणावरून झालं. आई दोन चमचे पेज, कधी अर्धी वाटी आमसुलाचं सार, एवढ्यावर आल्या. मग तेही नको. ताईंना ते बघवेना. "उपाशी मारतेयस तू माझ्या आईला. निदान सलाईन तरी लाव." हे वाक्य बोलायला त्यांना फार जड गेलं असणार, आणि ऐकायला मला. मी उत्तर दिलं नाही, पाणी आणायला गेले आणि तिथेच उभी राहिले.

सिस्टरने ताईंना बाजूला बसवून समजावलं. शरीर आवरतं घेत असतं तेव्हा भूक आधी जाते. त्यात सलाईन भरलं तर ते पाणी छातीत आणि पायांवर साठतं, दम वाढतो. तोंड कोरडं पडतं त्याचा त्रास खरा, तर ते ओलं ठेवा. तिने ताईंच्या हातात गॉजचा तुकडा आणि पाण्याची वाटी दिली. त्या दिवसापासून तोंड पुसणं, ओठांना साजूक तूप लावणं हे काम ताईंचं. मला हात लावू देत नसत. पटलं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत.

शेवटच्या रात्री घशातून घरघर यायला लागली. ताईंनी १०८ लावायला फोन उचलला. मी त्यांच्या हातातून फोन घेतला, ओढूनच घेतला, आणि फ्रिजवर चिकटवलेल्या पॅलिएटिव्ह टीमच्या नंबरवर लावला. रुग्णवाहिका आली असती तर पुन्हा कॅज्युअल्टी, पुन्हा तो फॉर्म, आणि या वेळी आई उत्तर द्यायच्या स्थितीत नव्हत्या. फोनवर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, कुशीवर वळवा, डोकं थोडं वर, ठेवून दिलेल्या औषधांतलं अमुक द्या. हा आवाज आपल्याला जितका छळतो तितका पेशंटला छळत नाही. सकाळी साडेसहाच्या सुमाराला आई गेल्या. आम्ही तिघंही खोलीत होतो.

घरी मृत्यू झाला की पुढचा कागदही घरच्यांनाच उभा करावा लागतो, हे आधी कुणी सांगत नाही. आमचे फॅमिली डॉक्टर आठवड्यातून एकदा येऊन बघत होते, त्यामुळे त्यांनी येऊन तपासलं आणि मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र, नमुना ४-अ, भरून दिलं. घरी झालेल्या मृत्यूसाठी हा वेगळा नमुना असतो. तो आणि आईंचं आधार कार्ड घेऊन नवरा स्मशानभूमीत नोंद करायला गेला. नियमित बघणारा डॉक्टर नसेल तर याच टप्प्यावर लोक अडतात, अनोळखी डॉक्टर सही करायला तयार नसतो. म्हणून घरी न्यायचं ठरवणाऱ्या प्रत्येकाला मी ऑक्सिजनच्या आधी हे विचारते: तुमचा डॉक्टर घरी येऊन लिहून देईल ना?

ताई तेराव्यानंतर कोल्हापूरला गेल्या. फोन चालू आहेत, सणावारी येतात. मध्ये एकदा गणपतीत भाजी निवडताना म्हणाल्या, "तू केलंस ते केलंस. पण मला अजून वाटतं, सलाईन लावायला हवं होतं. माझ्या वेळी लावा बाई."

"मग तसं लिहून ठेवा, ताई. कोण बोलणार तेही लिहा."

त्यांनी आईंच्या कागदाचा फोटो मागितला. मी पाठवला. निळ्या खुणा लगेच आल्या. भरला की नाही आणि भरला असेल तर त्यात कुणाचं नाव घातलं, हे मी अजून विचारलेलं नाही.